‘कै’ नावाचं फोल्डर

आमच्या स्टुडिओत मेलेल्या माणसाला कोट मिळायचा. जन्मभर ज्यानं बंडी-धोतर सोडून अंगाला काही लावलं नाही, त्याच्या दहाव्याच्या फोटोत निळा कोट, तांबडा टाय आणि मागं कुठल्या तरी परमुलखातला बगीचा. फोटो काढायचं काम आमच्या ह्यांचं आणि कॉम्प्युटरवर बसायचं माझं, त्यामुळं कोट चढवायचे मीच. नारायणगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा गाळा होता. रोलचे कॅमेरे मागं पडून डिजिटल नुकते आले होते; दोन हजार चार-पाचच्या आसपासची ही गोष्ट.

लोक घरून काय घेऊन यायचे? मतदानाच्या ओळखपत्रावरचा काळाकुट्ट फोटो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात हरभऱ्याएवढं दिसणारं तोंड. “एवढ्यावरनं मोठा करून द्या ताई, परवा दहावा हाये.” मग ते तोंड कापून घ्यायचं, साफ करायचं, खाली दुसऱ्याचं धड जोडायचं. कधी माणूस गेल्यावरच काढलेला फोटो यायचा, डोळे मिटलेले. त्याला डोळेसुद्धा दुसऱ्याचे बसवावे लागत. एका गृहस्थाला मी त्याच्या मेव्हण्याचे डोळे बसवून दिले, तर घरच्यांना फोटो इतका पसंत पडला की भावकीत वाटायला आणखी कॉप्या नेल्या. जिवंतपणी त्या दोघांचं बोलणं बंद होतं, हे मला मागाहून कळलं.

या कामाला आमच्याकडं एक कडक नियम होता, आणि तो ह्यांनी घातलेला. लग्न आणि मयत एका जागी ठेवायचं नाही. त्याला कारण घडलं होतं. लग्नाचे अल्बम आम्ही पुण्याच्या एका लॅबमधून छापून आणायचो. सीडीवर फोटो भरून पाठवायचे. एकदा एका सीडीत एका आजोबांचा कोटवाला फोटो चुकून गेला आणि तो सप्तपदीच्या पानाशेजारी छापून आला. नवरीचा चुलता अल्बम घेऊन आला आणि काउंटरवर आपटला. तेवढ्यावर भागलं असतं. पण पुढं त्या मुलीचं पोटातलं गेलं, आणि त्या घरानं त्याचं खापर आमच्या सीडीवर फोडलं. ह्यांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून मयतांचं फोल्डर वेगळं. त्याला नाव ‘कै’. त्यातले फोटो लॅबला जायचे नाहीत, घरच्या छोट्या प्रिंटरवरच निघायचे. कुणाचं तोंड लग्नाच्या फोटोतून उचललं असेल, तर तो अख्खा फोटोच लग्नातून काढून ‘कै’मध्ये टाकायचा. कॉपी नाही, कट.

“अहो, फाईल आहे ती. तिला कसलं आलंय सुतक?” मी म्हणायचे.

“फाईलला नसंल. माणसांना असतं.”

बोलून उपयोग नव्हता. माणूस तसा गरीब, पण एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही.

त्या साली संक्रांतीनंतर येडगावच्या अंगाची एक बाई दुकानात आली. मेंढरंवाल्यांच्या घरातली, माझ्याहून थोडी मोठी. काउंटरपाशी न थांबता ती थेट आत आली आणि कॉम्प्युटरकडं बोट करून म्हणाली, “तुमच्या मिशनीत माझी पोर हाय का बगा.”

तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी धरणाच्या पाण्यात गेली होती. आईबरोबर घोंगड्या धुवायला गेली होती, पाय सरकला. नवरा तेव्हा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. त्याला निरोप मिळून तो येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. थोडे दिवस राहून तो परत कळपाकडं गेला, मेंढरं कुणाच्या भरवशावर टाकणार? मुलीचा फोटो म्हणून घरात एकही नव्हता. शाळेत नाव होतं, पण फोटो काढला त्या दिवशी ती मेंढरांमागं होती. मग कुणीतरी आईला सांगितलं की दिवाळीनंतर शेजारच्या वस्तीवर लग्न झालं, त्यात तुझी पोरगी फोटोवाल्याच्या मागं मागं करत होती. तो फोटोवाला म्हणजे आमचे हे.

तिला शेजारी स्टुलावर बसवून मी त्या लग्नाचे फोटो एकेक करून पुढं सारत गेले. अल्बमात लागलेले सगळे संपले. मग आम्ही नापास केलेले उघडले. त्यात एक होता, नवरदेवाचे डोळे मिटले म्हणून टाकून दिलेला. त्याच्या मागं मांडवाच्या खांबाला धरून एक मुलगी उभी होती. तोंड अर्धवट उघडं, कुणाला तरी हाक मारत असावी.

“हीच! ताई, हीच माझी!” ती ओरडली आणि तिनं तळवा पडद्यावर ठेवला. तेव्हाचे ते जाडजूड मॉनिटर, काचेला हात लागला की बारीक झटका बसायचा. तिनं हात मागं घेतला आणि परत ठेवला.

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “मला तिचं तोंड इसरायला लागलंय, ताई. रोज सकाळी उठून आठवून बगते, अन् रोज थोडं कमी येतंय. कपाळ येतं, डोळं येत्यात, खालचं न्हाई येत. कुणाला सांगायची लाज वाटती. आई असून इसरली म्हणत्याल.”

मी तिला शब्द दिला. मोठा, स्वच्छ फोटो करून देते म्हटलं, मालक मेंढरं घेऊन परत यायच्या आत. नवा फ्रॉक नको, बगीचा नको, हाय तशी द्या, एवढंच तिचं मागणं होतं.

ह्यांनी नियमाप्रमाणं तो फोटो लग्नातून कट करून ‘कै’त टाकला आणि मी कामाला लागले. तोंड लहान, त्यात हललेलं. बाकीच्या गिऱ्हाइकांची कामं सांभाळून मी तिच्यावर बसायचे, एकेक ठिपका साफ करत. काम होत आलं आणि घरचा प्रिंटर बसला. आधी रेघा मारायला लागला, मग शाईच ओढेना. ह्यांनी पुण्याहून खास फोटोचा नवा प्रिंटर आणला, तर तो आमच्या कॉम्प्युटरला चालेना. आमच्याकडं विंडोज अठ्ठ्याण्णव, आणि प्रिंटरच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं की त्याला एक्सपी लागते. खोकं उचलायच्या आधी वाचायचं असतं, हे ह्यांना कोण सांगणार!

“तेवढा एक लॅबला पाठवा,” मी म्हटलं.

“लग्नाच्या सीडीत?”

“मग वेगळी सीडी करून पाठवा.”

“अगं, एका फोटोसाठी कोण सीडी हातात धरतंय? विंडोज बदलून घेऊ. आपल्याच घरात काढू की, भिंतीएवढा!”

दर बाजारच्या दिवशी ती यायची. अंडी विकून झाली की रिकामी पाटी दाराशी ठेवून आत. “झाला का फोटू?” “होतोय, मावशी.” मग मी फाईल उघडून द्यायचे आणि ती बघत बसायची. उठताना म्हणायची, “बगितलं की आठवडा निगतो माझा.”

आमचा कॉम्प्युटर ज्यानं जोडून दिला होता तो मशीनवाला आळेफाट्याचा. हुशार होता, नाही म्हणत नाही. पण कुठल्याच कामाला तो अवघड म्हणायचा नाही, आणि असल्या माणसाची मला भीतीच वाटते. “लई सोपं काम हाये भाऊ. फॉरमॅट मारतच न्हाई, अपग्रेड करतो. फायली हायेत तिथंच ऱ्हात्यात. तरी आपला बॅकअप घेऊन ठेवा.”

ह्यांनी आदल्या दिवशी बॅकअप घेतला. लग्नं, साखरपुडे, बारशी, जावळं, वाढदिवस, सगळं सीड्यांवर चढवलं, वर मार्करनं लिहिलं, कव्हरात घातलं. शेवटच्या सीडीत निम्मी जागा उरली होती आणि ‘कै’ बाहेर होतं.

“टाका की त्यात,” मी म्हटलं.

“वाढदिवसाच्या सीडीत मयत? डोकं फिरलंय का तुझं?”

“अहो, निम्मी सीडी रिकामी आहे!”

“उद्या कोरी आणतो आणि वेगळी करतो. मला शिकवू नको.”

उद्या उजाडला तो मशीनवाल्याच्या मोटारसायकलच्या आवाजानं. तेव्हा भारनियमन असं की निम्मा दिवस लाईट नसायची. त्या आठवड्यात आमच्याकडं सकाळची पाळी होती, दुपारी जाणार. “लाईट हाये तवर उरकू राव,” म्हणत त्यानं सीडी आत सरकवलीसुद्धा. हे चाचरत म्हणाले, “एक कोरी सीडी आणायची राहिलीय.” तो म्हणाला, “अपग्रेडला काय व्हतंय भाऊ? मागनं घ्या.” मी म्हटलं, “थांबा की जरा. समोरचं दुकान उघडू दे.” दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायकांची कटकट, दुसरं काय!

पडदा निळा झाला, पांढरी अक्षरं पळाली, मग रंगीत चित्रं आली आणि डाव्या बाजूला उरलेला वेळ दिसायला लागला. मध्येच मशीननं विचारलं होतं की डिस्कची जुनी मांडणी बदलून नवी करायची का. मशीनवाल्यानं “नवी कवाबी चांगली” म्हणून हो दाबलं. पुढं मशीन एकदा आपोआप बंद होऊन चालू झालं आणि ती मांडणी बदलायला लागलं. ते चालू असतानाच दुकानातला बल्ब पिवळा पडला.

हे आमच्याकडं नेहमीचंच. वरच्या अंगाला थ्री फेज बंद असली की लोक सिंगल फेजवर कंडेन्सर लावून विहिरीवरच्या मोटारी ओढायचे. एकानं चालू केली की दुसरा मागं राहायचा नाही, आणि मग पेठेतलं व्होल्टेज पार तळाला. पिकं जळत होती त्यांची, त्यांना काय बोलणार? यूपीएसनं टक-टक केलं. त्याची बॅटरी कधीचीच गेलेली, तो नुसता शोभेला. “हात लावू नका कुणी,” मशीनवाला म्हणाला. हात लावून काय होणार होतं? पडदा विझला.

लाईट थोड्या वेळानं आली. मशीन चालू केलं तर काळा पडदा आणि वर एक इंग्रजी ओळ, अमुक एक फाईल सापडत नाही म्हणून. नवी विंडोज नाही आणि जुनीही नाही.

मग खटपट सुरू झाली. आधी बंद-चालू करून झालं. मग सेफ मोड, तीच ओळ. मग त्यानं खिशातली फ्लॉपी लावली, तर फ्लॉपी म्हणे सी ड्राईव्ह वाचताच येत नाही. सीडीवरून सुरू करून दुरुस्तीचा पर्याय घेतला, तो अर्ध्यात अडकला. मग कॅबिनेट उघडलं. रॅमच्या पट्ट्या काढल्या, आमच्या मुलीच्या दप्तरातलं खोडरबर मागून घेतलं आणि त्यांच्या पिवळ्या कडा घासल्या. डिस्कची केबल काढून उलटसुलट लावली, फुंकर मारली. दर वेळी बटण दाबलं की तिघंही श्वास धरून उभे, आणि दर वेळी तीच ओळ. “येती की, न येऊन सांगती कुणाला,” तो म्हणत होता, पण त्याचं ‘लई सोपं’ केव्हाच बंद झालं होतं. शेवटी डिस्क काढून आळेफाट्याला त्याच्या दुकानातल्या मशीनला लावून बघायचं ठरलं. हे त्याच्या मागं बसून गेले. मला निरगुडसरला, माहेरी, भाच्याच्या जावळाला जायचं होतं. डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडेल, फाईली निघतील, असं धरून मी दुपारची एसटी पकडली.

आळेफाट्याला काय झालं ते मला पुढं ह्यांच्याकडूनच तुकड्या-तुकड्यानं कळलं. डिस्क लावली, तर ते मशीन म्हणालं, ही फॉरमॅट केलेली नाही, आत्ता करू का? मांडणी बदलतानाच लाईट गेल्यामुळं डिस्क ना इकडची राहिली होती ना तिकडची. मशीनवाल्यानं ह्यांना विचारलं, “भाऊ, डेटा घेतलाय ना समदा?” आणि हे म्हणाले, “घेतलाय.”

खोटं बोलले नाहीत ते. त्यांना खरंच तसं वाटलं. आमच्या धंद्यात डेटा म्हणजे लग्नं. ज्याच्यासाठी गिऱ्हाईक दारात भांडायला येतं तो डेटा. मयताचा फोटो एकदा भिंतीला लागला की परत कोण विचारायला येतंय? वेगळं ठेवून ठेवून ह्यांच्या डोक्यातूनही ते फोल्डर वेगळं झालं होतं. मशीनवाल्यानं एन्टर दाबलं, डिस्क पुसली आणि एक्सपी टाकून दिली.

मी दुसऱ्या दिवशी परत आले तर दुकानात आनंदीआनंद. पडद्यावर हिरवी टेकडी, वर निळं आभाळ. हे नव्या प्रिंटरपाशी उभे, हातात एका नवरीचा ताजा छापलेला फोटो. “बघ, बघ काय रंग आलेत! सोन्याची चकाकीसुद्धा उतरलीय!” खरंच सुंदर छापला होता.

“‘कै’ कुठंय?” मी विचारलं.

ते प्रिंटरपाशीच उभे राहिले. नवरी तशीच हातात. मी खुर्चीत बसून सगळी डिस्क उघडून पाहिली. जिथं काही नव्हतं तिथं पुन्हा पुन्हा पाहिलं. मग माझा तोल सुटला. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मी त्यांना बोलले. “लग्नाला सुतक लागू नये म्हणून त्या पोरीला बाहेर उभी केलीत ना? आता घ्या! तिची आई आली की काय सांगणार? अपशकुन टळला म्हणून सांगणार?” ते भिंतीला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. मला त्यांची दया आली नाही. खरं सांगते, त्या दिवशी नाही आली.

मशीनवाल्याला परत बोलावलं. पुसलेलं काढणारा एक प्रोग्राम त्यानं कुठूनसा पैदा केला. पण वर नवी विंडोज येऊन बसली होती, ती कशाकशावर बसली होती देव जाणे. लाईट असेल तसा तो प्रोग्राम चालायचा, गेली की पुन्हा पहिल्यापासून. जे निघालं त्याला नाव नाही, नुसते आकडे. उघडलं की तुकडे. कुणाचं नुसतं टक्कल आणि बगीच्याची वरची झाडं, खाली सगळं राखाडी. एका म्हातारीचं कुंकवापर्यंतचं कपाळ. ज्यांना मी हातानं सजवलं होतं ते सगळे असे कापून निघत होते, आणि मी एकेक बघून बंद करत होते. मला रात्री जेवण जात नव्हतं.

तिचाही फोटो निघाला, मी साफ केलेला नाही, मूळचा लग्नातला. मांडवाची झालर दिसली आणि मी ओळखला. वर झालर, मग नवरदेवाचा फेटा, मग त्याचे मिटलेले डोळे. तिथवर फोटो होता. ती उंचीनं लहान, त्याच्या खांद्याखाली येत होती. तिथं सगळं राखाडी.

कॅमेऱ्याचं कार्ड कधीच दुसऱ्या लग्नांनी भरलं होतं. बॅकअपच्या सीडीवर ते लग्न होतं, हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं होतं, तेवढा एक फोटो सोडून. शेजारच्या फोटोंमध्येही मी तिला शोधलं. कुठंही नव्हती.

बाजारचा दिवस आला. ह्यांनी नेमकी त्याच दिवसाची ओझरची साखरपुड्याची ऑर्डर घेतली होती. म्हटलं, जा बाबा, तुम्ही जा, मी आहेच.

ती आली. पाटी दाराशी ठेवली आणि आपणहून स्टूल ओढून पडद्यासमोर बसली. “ह्ये काय नवीनच हिरवंगार?”

“मावशी,” मी म्हटलं, “तिचा फोटो गेला.”

“कुठं गेला?”

“मशीन बिघडलं. त्यात पुसला गेला.”

“मंग परत काडा.”

“निघत नाही, मावशी. सगळं करून पाहिलं.”

ती पडद्यावरच्या टेकडीकडं बघत होती. “धुण्यावरचा डाग घासून घासून जात न्हाई,” ती म्हणाली, “अन् माझी पोर पुसली व्हय?”

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. चार शिव्या द्यायच्या होत्या, काउंटर आपटायचं होतं. पण अल्बमवाल्या चुलत्याकडं आपटायला अल्बम तरी होता. हिच्या हातात काहीच नव्हतं. मी चहा मागवला, तो तिनं घेतला नाही. मी माफी मागितली, ती तिच्या कानावर गेली की नाही कुणास ठाऊक.

मग ती एकदम माझ्याकडं वळली. “तुमी लोकास्नी डोळं बसवता. धड बसवता. आमच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्याला बसवलं व्हतं, समद्यांनी वळाखलं. मंग हिला समदंच बसवा. मी सांगते कसं व्हतं त्ये.”

काय करायला हवं होतं मी? नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. वाढदिवसांच्या सीड्या काढल्या आणि तिच्या मुलीच्या वयाच्या मुली एकेक पडद्यावर आणायला लागले. कपाळ तिनं पहिल्या फटक्याला निवडलं. “ह्ये बराबर. केस हितनं सुरू व्हायचं.” डोळ्यांना वेळ लागला, पण तिथंही ती ठाम होती, हे न्हाई, हे न्हाई, हे लई बारीक, हां, ह्ये. मध्येच एका मुलीवर ती थांबली. केक कापताना हसणारी, समोरचे दात पडलेली.

“ही कुणाची?”

“माझी,” मी म्हटलं.

तिनं पटकन हात झटकला. “नगं, नगं. हिचं काय घेऊ नगा. म्होरं चला. औक्षवंत होऊ द्या पोर.” ती पुढं बघायला लागली, आणि मला मात्र काही क्षण पडदा नीट दिसेना.

नाकाशी आलो आणि ती हळू झाली. मी एक नाक बसवलं. “असंच वाटतंय.” दुसरं बसवलं. “ह्ये बी वाटतंय.” तिसरं बसवलं, तर म्हणाली, “मगाचं दाखवा.” मगाचं दाखवलं. “न्हाई, त्याच्या आदीचं.” मग तिनं डोळे मिटून घेतले. कपाळाला आठ्या घालून, ओठ आवळून ती बसून राहिली. मी माऊसवर हात ठेवून थांबले होते. बाहेर बाजार मोडत आला होता, टेम्पोवाले पाट्या भरत होते.

तिनं डोळे उघडले. “न्हाई येत, ताई,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “तुमीच सांगा. तुमी एवढी मोठी करून बगितलीय तिला. माझ्या मागनं तुमीच पाह्यलीय.”

पाहिली होती, खरं आहे. कित्येक दिवस पडदाभर तिचंच तोंड माझ्यासमोर होतं. पण मी ठिपके पाहत होते. कडा पाहत होते, डाग पाहत होते. नाकावरचा पिवळेपणा कमी करायचा, हनुवटीजवळची सावली उजळायची, एवढंच. पोर मी पाहिलीच नव्हती. आणि आता तिची आई माझ्या तोंडाकडं बघत बसली होती, तिची मुलगी दिसायला कशी होती ते ऐकायला.

“मधलं,” मी म्हटलं. “मधलंच होतं.”

“व्हय,” ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम सैल पडला. “व्हय, मधलंच.”

पुढं ओठ, हनुवटी, गाल, सगळं तिनं मलाच विचारलं आणि सगळं मीच सांगितलं. एकदा सुरुवात केल्यावर थांबणार कशी? नव्या प्रिंटरनं एकही रेघ न मारता फोटो काढला. तिनं तो पदराखाली धरला, पाटी उचलली आणि गेली. हे ओझरहून आले तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं की फोटो दिला. कुठला, कसा, त्यांनी विचारलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला ती बाजारात भेटली. मेंढरं परत आली होती, नवराही आला होता. तब्येत सुधारलेली दिसत होती. मला बघून ती गर्दीतून वाट काढत जवळ आली आणि तिनं माझा हात धरला.

“ताई, आता बगा लख्ख आठवती,” ती म्हणाली. “सकाळी डोळं उघडायच्या आदीच म्होरं येती. समदं तोंड येतं. आदी यायचं न्हाई, त्ये खालचं बी येतं.”

“बरं झालं, मावशी,” मी म्हटलं.